क्यू हाती आला आणि यू संपले

मे महिन्यातली दुपार. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव या वेळेला दारं लोटून आत बसलेलं असतं. पारा ४५ च्या आसपास. विदर्भातल्या शाळा इतर महाराष्ट्राच्या नंतर, जून संपता संपता उघडतात, त्यामुळे पोरांची सुट्टी लांबते. माझ्या पुढच्या खोलीत कूलर आहे, म्हणून पाचसात पोरं दुपारभर तिथंच असतात आणि आम्ही इंग्रजी शब्दांचा स्क्रॅबल खेळतो, म्हणजे पिशवीतून हाती आलेली अक्षरं पटावर जोडून शब्द करायचे आणि अक्षरांचे गुण मोजायचे. पट ड्रॉइंग शीटवर आखलेला आहे, १५ उभी आणि १५ आडवी, अशी २२५ घरं. अक्षरं सुरुवातीला चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली होती, पण कूलरच्या वाऱ्यानं पटावरचे शब्दच्या शब्द उडायचे. मग पोरांनी सोड्याच्या बाटल्यांची १०० झाकणं जमवली आणि प्रत्येकात कागदाची एकेक गोल चकती चिकटवली. जी दोन कोरी असतात, म्हणजे कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात, त्यांतही कोरा कागद लावला, नाहीतर पिशवीत हात घातल्याबरोबर बोटाला कळतं.

अशाच एका दुपारी सातवीतल्या एका पोरीच्या वाट्याला क्यू आला. पटावर चारही यू लागून गेलेले.

"सर, हा क्यू कायले ठेवला बा यात? यू त सारेच संपले. आता हा मलेच बुडवते."

तिची काळजी बरोबर होती. क्यूला १० गुण आहेत, आणि डाव संपताना तो हातात राहिला तर तेच १० वजा होतात. तिच्यासमोर एफ, ए, आय आणि आर अशी झाकणं होती. शाळेतला 'फेअर' हा शब्द तिला येत होता. तो लावायचा, ७ गुण घ्यायचे आणि क्यूचं नशीब क्यूपाशी, असा तिचा विचार. मी म्हटलं, तो 'फेअर' हातातच मांड आणि मधोमध, ए आणि आयच्या फटीत, क्यू सरकव. तिनं सरकवला. एफ-ए-क्यू-आय-आर. ती ओठांनी पुटपुटत राहिली आणि एकदम ओरडली, "हे त आपलं फकीर होय!"

१७ गुण झाले. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे आणि ती नीट समजावून सांगावी म्हणून हे लिहितोय. इंग्रजी शब्दखेळात जी अक्षरं भल्याभल्यांना अडवतात, त्यांचे बरेच शब्द आपल्या बोलण्यातलेच आहेत. खेड्यातल्या पोराला ते पाठ करावे लागत नाहीत, फक्त ओळखावे लागतात. ओळखायचे कसे, हे कळायला इंग्रजी अक्षरांच्या चार सवयी माहीत हव्यात.

आधी गुणांचा हिशोब. स्क्रॅबल तयार केला आल्फ्रेड बट्स या न्यूयॉर्कच्या वास्तुरचनाकारानं. १९३० च्या दशकातल्या मंदीत त्याच्या हातचं काम गेलं होतं. त्यानं वर्तमानपत्रं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून अक्षरांची संख्या नि गुण ठरवले. स्क्रॅबल हे नाव नंतरचं, १९४८ चं. ते जेम्स ब्रुनो या त्याच्या भागीदारानं दिलं. इंग्रजीत ई सगळ्यात जास्त येतो, म्हणून ईची १२ झाकणं आणि गुण एकच. ए आणि आय नऊ-नऊ. क्यू आणि झेड एकेकच, गुण १०. जे आणि एक्सही एकेक, गुण ८. के ५ गुणांचा. एच, डब्ल्यू, वाय, एफ आणि व्ही ४ गुणांचे. एस मात्र चारच ठेवले, कारण कुठल्याही शब्दाला एस लावून अनेकवचन करणं फार सोपं झालं असतं. थोडक्यात, जे अक्षर इंग्रजीत विरळ, ते महाग. त्यातली काही अक्षरं इंग्रजीत विरळ असली तरी आपल्या शब्दांत मुबलक आहेत, आणि आपला फायदा तिथंच आहे.

आता क्यूनंतर यू का लागतो ते बघू. ही जोडी मूळची लॅटिनची. जुन्या इंग्रजीत ती नव्हतीच. 'क्वीन' हा शब्द तेव्हा सी आणि डब्ल्यूनं सुरू व्हायचा, 'क्विक'सुद्धा. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्यांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर लिहिण्याचं काम फ्रेंच वळणाच्या कारकुनांकडे गेलं आणि त्यांनी आपल्या सवयीनं सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू लिहायला सुरुवात केली. शाळेत 'क्यूनंतर यू येतोच' असं शिकवतात ते या कारकुनांमुळे. इंग्रजीच्या घरच्या शब्दांपुरतं ते खरंही आहे.

पण अरबीत दोन 'क' आहेत. एक आपल्यासारखा आणि दुसरा पार घशाच्या मागून काढायचा. उर्दू नीट बोलणारा माणूस 'कव्वाली' म्हणतो तेव्हा तो दुसरा 'क' ऐकू येतो. आपण मराठीत दोन्ही सारखेच म्हणतो. युरोपच्या पंडितांनी हे शब्द रोमन लिपीत लिहायला घेतले तेव्हा साध्या 'क'ला के दिला आणि घशातल्या 'क'साठी त्यांना वेगळं अक्षर हवं होतं. क्यू मोकळाच होता. म्हणून फकीर, बुरखा, तलाक, काझी, कव्वाली हे सगळे यूवाचून क्यू घेऊन इंग्रजीत शिरले. बुरखा बी-यू-आर-क्यू-ए, १६ गुण. यात यू आहे, पण क्यूच्या नंतर नाही, आधी आहे. तलाकच्या शेवटी क्यू, १४ गुण. काझी क्यू-ए-डी-आय असा लिहितात, कारण अरबीत तिथं 'द'च्या जवळचा उच्चार आहे, त्याचेही १४.

कव्वालीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हा शब्द मला फार आवडतो. क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरं. खेळाडूच्या हातात एका वेळी सातच असतात, आणि सातही एकदम लावली तर वरून ५० मिळतात. म्हणजे २२ अधिक ५०, पटावरच्या गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांचा फायदा धरलाच नाही तरी ७२. डब्ल्यूची झाकणं सगळ्या खेळात दोनच असल्यामुळे हा योग क्वचित जुळतो. आमच्याकडे अजून जुळलेला नाही. पण नागपूरच्या ताजबागेच्या उरुसाला जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही, आणि इंग्रजी घरात वाढलेल्या पोराला तो घोकावा लागेल.

क्यूचे आणखी दोन-तीन शब्द लक्षात ठेवावेत असे आहेत. सगळ्यात छोटा, दोनच अक्षरांचा, क्यू-आय. उच्चार 'ची'. चिनी भाषेत त्याचा अर्थ आपल्या 'प्राण' या कल्पनेजवळ जातो. चीननं १९५८ मध्ये आपली भाषा रोमन अक्षरांत लिहायची पद्धत ठरवली, तिच्यात 'छ'च्या जवळच्या उच्चाराला क्यू दिला, म्हणून ही स्पेलिंग. ११ गुण, आणि कुठल्याही चिंचोळ्या जागेत बसतो. हा एक शब्द माहीत असला तर क्यूची निम्मी भीती जाते. दुसरा क्यू-ए-एन-ए-टी, म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणायची इराणी पद्धत. आपल्यापासून फार लांब नाही असा तिचा नमुना म्हणजे बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा. तिसरा टी-आर-ए-एन-क्यू. ताडोब्याकडे वाघाला बेशुद्ध करायला जे औषध मारतात, त्या प्रकारच्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाचा हा तुकडा. नाव क्यूपाशी कापलं, त्यामुळे यू पलीकडे राहिला.

जेची गोष्ट वेगळी. तो रोमन अक्षरांत सगळ्यात उशिरा आला; आधी आयचाच एक लांब शेपटीचा आकार होता, पुढे वेगळं अक्षर झाला. इंग्रज माणूस शब्दाच्या शेवटी जे लिहीत नाही. 'जज' आणि 'ब्रिज' शेवटी 'ज'च आहेत, पण लिहिताना डी-जी-ई. मग जेवर संपणारे शब्द कुठून आणायचे? राज, ताज, हज, स्वराज. राज आणि ताज १० गुणांचे, हज १३ चा, स्वराज १६ चा. शब्दाच्या सुरुवातीला जे हवा असेल तर आपली ज्वारी आहे: जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, १५ गुण.

व्हीकडून मात्र फार आशा ठेवू नये. स्क्रॅबलच्या मान्य यादीत व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे तो चिंचोळ्या जागेत बसत नाही. यू आणि व्ही हे एकेकाळी एकाच अक्षराचे दोन आकार होते, म्हणून शब्दाच्या शेवटी ते उघडं ठेवण्याऐवजी पुढे ई लावायची रीत पडली. 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' यांच्या शेवटी जो मुका ई आपल्याला छळतो, तो तिथून आला. एक्सचंही आपल्याकडे काही नाही. त्याच्यासाठी इंग्रजीचेच एएक्स, ईएक्स आणि ओएक्स पाठ करावेत. शेवटचा म्हणजे बैल. पोळ्याच्या गावात तो कोणी विसरणार नाही.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो एचचा. नवखे खेळाडू एच आला की एस, सी किंवा टीच्या शोधात लागतात. आपल्या लिपीत ख, घ, ध, भ ही प्रत्येकी एकेक अक्षरं आहेत. इंग्रजीला हे महाप्राण वेगळे ऐकूच येत नाहीत, म्हणून ते लिहायला त्यांनी मूळ अक्षरापुढे एच जोडला. याचा अर्थ असा की डी-एच, बी-एच, के-एच अशी सुरुवात इंग्रजीच्या घरच्या शब्दाची होत नाही. तशी सुरुवात दिसली की तो शब्द बहुतेक आपल्या बाजूचा किंवा अरबस्तानाकडचा समजावा. खादी, १३ गुण. घाट, ८. भजी, १७, कारण त्यात जेही आहे. तूप हिंदीतल्या 'घी' या नावानं, डबल ई लावून किंवा एकाच आयवर. धोतर 'धोती' म्हणून, धरणं 'धरना' म्हणून. घेराव ओवर संपवून. चरखा तर दोन तऱ्हांनी, एक एचवाला आणि दोन एचवाला. खादी, चरखा, स्वराज, अहिंसा हे शब्द स्वातंत्र्याच्या चळवळीत जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत छापले गेले आणि पुढे शब्दकोशांत कायमचे राहिले. वर्ध्याचं सेवाग्राम आमच्यापासून फार लांब नाही. पोरं सहलीला जाऊन आली की मी त्यांना हेच चार शब्द पटावर मांडायला लावतो.

झाडांमध्ये बाभूळ आहे, कडुनिंब 'नीम' म्हणून आहे. पळस मात्र 'ढाक' या उत्तरेकडच्या नावानं यादीत आहे: डी-एच-ए-के, चारच अक्षरं आणि १२ गुण. पळसाला पानं तीनच, पण या खेळात त्याचं मोल बरंच.

जनावरांत सांबर, चितळ आणि रोही. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे हरभऱ्यात रात्री रोही शिरू नये म्हणून शेतकरी थंडीत जागलीला जातात, तेव्हा त्याचं कौतुक करायला कोणी बसलेलं नाही. खेळात मात्र तो फार कामाचा, कारण यादीत त्याची सहा स्पेलिंग चालतात. सुरुवातीला एन-आय किंवा एन-वाय, मध्ये एच कधी आहे कधी नाही, शेवटी आय किंवा यू. याचं कारण साधं आहे. इंग्रज अधिकारी आपले शब्द कानानं ऐकून लिहीत. प्रत्येकाचा कान वेगळा, त्यामुळे प्रत्येकाचं लिखाण वेगळं. कोशकारांनी जे छापलेलं सापडलं ते सगळं नोंदवलं. डाळ निदान तीन प्रकारे चालते: एच नसलेली, शेवटून दुसरा एच असलेली आणि डीच्या लगेच पुढे एच असलेली. साडी आयवर संपते किंवा डबल ईवर. म्हणून पोरांना माझं सांगणं असतं की आपला शब्द सुचला आणि एका स्पेलिंगनं जागेत बसला नाही, तर लगेच सोडू नका, एच हलवून बघा, एच काढून बघा.

अक्षरं उलटसुलट करून शब्द शोधणं हे आपल्या पोरांना सुरुवातीला जड जातं, त्यालाही कारण आहे. मराठीत मात्रा अक्षराला चिकटलेली असते. 'जरा' उलटं केलं तर 'राज' होतं, पण 'रा' फुटत नाही. इंग्रजीत स्वर सुटा असतो. 'सायलेंट' या शब्दाची सहा अक्षरं फिरवली की 'लिसन' होतं, 'एन्लिस्ट' होतं, 'टिन्सल' होतं, आणि उच्चाराचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. म्हणून झाकणं हातानं हलवायची, डोक्यात नाही. स्पर्धेतले खेळाडू तर शब्दाची अक्षरं आधी ए ते झेड अशा क्रमानं लावून पाठ करतात, म्हणजे हातातली झाकणं त्याच क्रमानं मांडली की शब्द आठवतो. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा विजेता झाला आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचा, दोन्ही भाषा बोलता येत नसताना. त्यानं शब्द अर्थाशिवाय, नुसत्या अक्षरांच्या ओळी म्हणून पाठ केले होते. इतकी स्मरणशक्ती आपल्याला नाही मिळाली तरी चालेल. अर्थाचा धागा असला तर शब्द स्वतःहून टिकतो, हे मी रोज बघतो.

मोबाइलवर वर्डल खेळणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. जॉश वॉर्डलनं २०२१ मध्ये लोकांसमोर आणलेला हा खेळ २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. पाच अक्षरांचा शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात असून दुसरीकडे असेल तर पिवळं. तिथं उत्तर म्हणून रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द येतात, त्यामुळे फकीर आणि बुरखा कामाचे नाहीत. तिथं क्यू सापडला की पुढचं घर यूचंच समजायचं. शेवटी ई किंवा वाय आहे का हे लवकर तपासायचं. एस लावून केलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून सहसा येत नाही. वर्डलमध्ये इंग्रजीचा नियम कामी येतो आणि स्क्रॅबलमध्ये त्याचे अपवाद. एकाच पोरानं दोन्ही खेळ खेळायचे असतील तर हे दोन डबे डोक्यात वेगळे ठेवावे लागतात.

आणखी एक सावधगिरी. आपला प्रत्येक शब्द चालत नाही. गावांची, माणसांची, देशांची नावं चालत नाहीत, म्हणून इराकच्या शेवटी क्यू असला तरी उपयोग नाही. आणि निर्णय देते ती मान्य यादी. अमेरिका आणि कॅनडात एक यादी वापरतात, आपल्यासकट बहुतेक जगात कॉलिन्स या शब्दकोशाच्या प्रकाशकांची. वर सांगितलेले सगळे आपले शब्द कॉलिन्सच्या यादीतले आहेत. दुसऱ्या यादीत त्यातले काही नाहीत.

फकीर लावणाऱ्या त्याच पोरीला पुढच्या आठवड्यात पुन्हा क्यू आला. आता तिला धीर आला होता. तिनं घरी आजाला विचारून ठेवलं होतं की घशातला 'क' आणखी कुठल्या शब्दांत आहे, आणि आजानं हक्क, कर्ज, किल्ला, तालुका अशी यादी सांगितली होती. आजा बरोबरच होता, अरबीत त्या सगळ्यांत तोच 'क' आहे. तिनं क्यू घालून 'तालुका' लावला. समोरच्या पोरानं हरकत घेतली. यादी काढून बघितली. तालुका होता, पण के घालून, कारण कचेरीतल्या इंग्रजांनी तो केनंच लिहिला आणि तसाच छापला गेला. तिची पाळी गेली. सहा झाकणं उचलून घेताना ती कोणाशी बोलली नाही.

दोन पाळ्यांनी तिला झेड मिळाला. पटावर खालच्या कोपऱ्यात एक ए मोकळा होता. तिनं आधी यादीचं पान उघडून शेजारच्या पोराला विचारलं, "पाहू का रे आधी?" तो म्हणाला, लावायच्या आधी पाहता येत नाही. तिनं पान मिटलं, झाकणांकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मग एकेक करून ठेवलं: झेड, आय, एल, एल, आणि पटावरचा ए. जिल्हा. या वेळी यादीत तो तसाच होता. १४ गुण.